पांढऱ्या केसांवरचे हिरवे पट्टे

गणेशोत्सवातल्या गाण्याचे ३१२ फोटो घेऊन रात्री साडेअकराला घरी आलो, लॅपटॉप उघडला आणि तिसऱ्याच फोटोवर हात थांबला. गाणाऱ्या बाईंच्या पांढऱ्या केसांवर पट्टे होते. हिरवा, गुलाबी, परत हिरवा, परत गुलाबी. केसांवर, कपाळावर, मोतिया रंगाच्या साडीवर, अगदी मागच्या भिंतीवरसुद्धा. कुणी फोटोवर स्वेटरचं विणकाम चढवून ठेवावं तसे. पुढचे दोनशे फोटो भराभर पाहिले. बहुतेकांची तीच गत.

कॅमेरा घेऊन तेव्हा जेमतेम अकरा दिवस झाले होते. बायको म्हणाली, "बिघडलेला दिला असेल." मलाही आधी तसंच वाटलं. हा कॅमेऱ्याचा दोष नाही, हे कळायला पुढे पूर्ण पितृपक्ष गेला. त्या पंधरा दिवसांचं आणि त्यानंतरच्या कोजागिरीचं हे प्रकरण.

कॅमेरा का बदलला

ग्वाल्हेरच्या मराठी वस्तीत गाणं ऐकणाऱ्यांचे कान तिखट असतात. कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ साली इथं गांधर्व महाविद्यालय काढलं, १९१८ साली भातखंड्यांच्या मदतीनं माधव संगीत महाविद्यालय उभं राहिलं. लष्करात (ही ग्वाल्हेरमधलीच वस्ती) असं घर सापडणं कठीण, जिथं एका तरी पिढीनं चार-दोन वर्षं गळा घासला नाही. आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये शंभरेक माणसं बसतात आणि त्यांतली निम्मी मांडीवर ताल धरून बसलेली असतात. अशा जागी दुसऱ्या रांगेत बसून जुन्या डीएसएलआरनं फोटो काढायचे म्हणजे काय, ते मला गेल्या वर्षी कळलं. आत आरसा वर उचलला जातो, पडदा उघडतो, मिटतो, आरसा खाली आपटतो. दुकानात तो आवाज छान मर्दानी वाटतो. विलंबित ख्यालात तो हातोडा असतो.

कार्यक्रम संपल्यावर बाईंनी मला बोलावून घेतलं. वय पंचाहत्तरच्या पुढे, आवाज अजून तीनही सप्तकांत फिरणारा, आणि आमच्या निम्म्या गल्लीला सारेगम शिकवलेलं, त्यामुळे त्या सगळ्यांच्याच बाई. म्हणाल्या, "अरे, तुझा खटका नेहमी माझ्या समेच्या आधी पडतो. मला दोनदा वाटलं तबलजीच घाईत आलाय."

तेव्हाच ठरवलं, पुढच्या वर्षी बिनआवाजाचा कॅमेरा. वर्षभर पैसे साठवून एक सेकंडहँड मिररलेस (त्यात आरसाच नसतो) घेतला, २४ मेगापिक्सेलचा, सोबत ८५ मिलिमीटरची १.८ ची लेन्स. कंपनी सांगत नाही, कारण जे घडलं ते त्या किमतीच्या जवळपास कुठल्याही मिररलेसवर घडलं असतं. त्याच्या मेन्यूत 'सायलेंट शटर' असं एक घर होतं. ते चालू केलं की बोट दाबल्यावर काहीच ऐकू येत नाही. इतकं शांत, की फोटो निघाला की नाही याची शंका यावी. उत्सवात सगळे फोटो मी तसेच काढले. अ‍ॅपर्चर २, शटर १/२५० सेकंद, आयएसओ ६४००. बाईंनी मागे वळून पाहिलं नाही, अण्णांनी (बाईंचे यजमान, कायम पहिल्या रांगेत) डोळे वटारले नाहीत. मी खुशीत होतो. व्ह्यूफाइंडरमध्ये रंग थोडे थरथरल्यासारखे दिसत होते खरे, पण स्टेजचे दिवे थरथरतच असतात असं मी गृहीत धरलं.

पट्टे कुठून आले

आधीचे सगळे तर्क चुकले. मेमरी कार्ड बदलून पाहिलं. लेन्सवर संशय घेतला. मखराच्या झिरझिरीत पडद्याची सावली पडली असेल असंही मनात आलं. पडद्याचा तर्क एका साध्या गोष्टीनं निकालात निघाला. आडव्या धरलेल्या कॅमेऱ्याच्या फोटोंत पट्टे आडवे होते, उभ्या धरलेल्या कॅमेऱ्याच्या फोटोंत उभे. सावली काही कॅमेऱ्याबरोबर वळत नाही. म्हणजे पट्टे कॅमेऱ्याच्या आत तयार होत होते.

दुसरी खूण जास्त चक्रावणारी होती. मध्येच अकरा फोटो एकदम स्वच्छ. त्यांची माहिती उघडली तर शटर १/२००. चकतीला चुकून अंगठा लागला असणार. म्हणजे १/२५० ला पट्टे, १/२०० ला एकही नाही, आणि तानांच्या वेळी मुद्दाम १/५०० केलेल्या फोटोंत सगळ्यात भडक. कॅमेरा बिघडलेला असता तर तो आकडे बघून बिघडला नसता.

इथं सायलेंट शटर काय करतं ते सांगायला हवं. त्यात पडदा हलतच नाही. सेन्सरवरच्या, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपवरच्या, ओळी एकापाठोपाठ एक, वरून खाली वाचल्या जातात. प्रत्येक ओळीला १/२५० सेकंदच मिळतो, पण पहिली ओळ आणि शेवटची ओळ यांच्यात बराच वेळ जातो. त्या वेळात दिवा लुकलुकला, तर काही ओळींच्या वाट्याला उजेड जास्त येतो, काहींच्या कमी. तेच पट्टे. डोळ्याला लुकलुक दिसत नाही, कारण ती सेकंदाला शेकडो वेळा होते.

मग १/२०० ला ते गायब का? हे मला कुठल्याही पुस्तिकेपेक्षा तिलवाड्यानं जास्त चांगलं समजावलं. ग्वाल्हेरच्या बड्या ख्यालाचा हा लाडका ताल, सोळा मात्रांचा. टाळ्या पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर, आणि खाली, म्हणजे टाळीऐवजी रिकामा हात, नवव्यावर. तुम्ही कुठल्याही मात्रेपासून मोजायला लागा, पूर्ण सोळा मोजल्यात तर तीन टाळ्या मिळणारच. पण दहाच मात्रा मोजायच्या ठरवल्यात, तर सहाव्यापासून सुरू केल्यावर एकच टाळी हाती लागते आणि तेराव्यापासून सुरू केल्यावर तीन. सेन्सरची प्रत्येक ओळ अशीच वेगवेगळ्या मात्रेपासून मोजायला सुरुवात करते. शटरचा वेळ लुकलुकीच्या पूर्ण आवर्तनांइतका असेल तर सगळ्या ओळींना सारखा उजेड. अर्धवट असेल तर एकीला एक टाळी, दुसरीला तीन.

आता प्रश्न उरला की आमच्या हॉलमधले दिवे कुठल्या लयीत लुकलुकतात.

माळ्यावरची ट्यूबलाइट

पितृपक्षात नवं काही आणू नये म्हणतात, म्हणून माळ्यावरून जुनंच काढलं. चोक आणि स्टार्टरवाली ट्यूबलाइटची पट्टी. नवी इलेक्ट्रॉनिक चोकची पट्टी या कामाला निरुपयोगी, कारण ती हजारो वेळा लुकलुकते आणि पट्टे दिसतच नाहीत. जुन्या चोकची गंमत अशी की तिची लय आपल्याला आधीच ठाऊक असते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि प्रत्येक फेऱ्यात ट्यूब दोनदा उजळते, म्हणजे सेकंदाला १०० वेळा. एक उजळणी १० मिलिसेकंदांची.

मागच्या खोलीतल्या पांढऱ्या भिंतीवर तेवढीच ट्यूब लावली, लेन्स मुद्दाम फोकसबाहेर ठेवली, सायलेंट शटर १/२००० वर. फोटोत पाच जाड पट्टे आले. पाच गुणिले दहा, पन्नास मिलिसेकंद. माझा सेन्सर वरपासून खालपर्यंत वाचायला १/२० सेकंद घेतो, हे मला कंपनीनं कधी सांगितलं नव्हतं, ते चाळीस वर्षं जुन्या चोकनं सांगितलं.

मग मैफलीचा फोटो उघडून पट्टे मोजले. पेन्सिलीचं टोक पडद्यावर ठेवून. बायकोला वाटलं मी बाईंचे केस मोजतोय. तीस भरले. पन्नास मिलिसेकंदांत तीस, म्हणजे सेकंदाला सुमारे ६००. १/२०० सेकंदात बरोबर तीन आवर्तनं. १/२५० मध्ये दोन आणि थोडी, १/५०० मध्ये एक आणि थोडी. अकरा स्वच्छ फोटोंचा हिशेब लागला. त्या रात्री मी झोपायला गेलो तेव्हा दीड वाजला होता आणि कॅमेऱ्यावरचा सगळा राग गेलेला होता.

पण ६०० का? ट्यूबची लय विजेतून येते, ही कुठून आली? त्यासाठी फोटोचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन चॅनेल वेगळे करून पाहिले. हिरव्यात पट्टे ठळक. निळ्यात जवळपास अंधार. लाल मात्र धुतल्यासारखा स्वच्छ! आता कोडं उलगडलं. स्टेजवरचे दिवे म्हणजे एलईडीचे डबे, त्यांना पार म्हणतात. त्यांत लाल, हिरवे, निळे असे वेगवेगळे दाणे असतात. उत्सवात पिवळसर, समईसारखा रंग हवा म्हणून लाल पूर्ण ठेवला होता, हिरवा अर्ध्याखाली उतरवला होता, निळा बंद. आणि एलईडीचा उजेड उतरवायची स्वस्तातली पद्धत म्हणजे तो खरंच मंद करायचा नाही, भराभर चालू-बंद करायचा. बंद राहण्याचा वेळ वाढवला की डोळ्याला तो मंद वाटतो. हिरवे दाणे सेकंदाला सहाशे वेळा चालू-बंद होत होते, लाल दाणे अखंड जळत होते.

कुंकू

लाल चॅनेल स्वच्छ आहे म्हटल्यावर एक मोह झालाच. फोटो कृष्णधवल करायचा आणि तो फक्त लाल चॅनेलवरून करायचा. मी डार्कटेबल हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर वापरतो, फुकट आहे आणि रॉ फाइलवर (कॅमेऱ्यानं टिपलेल्या कच्च्या फोटोवर) हे काम दोन मिनिटांत होतं. निकाल बघून मीच चाट पडलो. पट्टे गेले, त्वचेवर मऊ उजेड, पांढरे केस चांदीसारखे. जुन्या स्टुडिओतल्या फोटोची कळा आली. सतरा फोटो निवडून बाईंच्या घरी पाठवून दिले.

तासाभरात त्यांच्या सूनबाईंचा फोन. "भाऊजी, फोटो फार सुंदर आलेत हो. पण आईंचं कुंकू कुठं गेलं?"

मी फोटो पुन्हा उघडला. बाईंच्या कपाळावर रुपयाएवढं ठसठशीत लाल कुंकू असतं. लाल चॅनेलमध्ये लाल वस्तू उजळ दिसते, त्वचाही उजळ दिसते, दोन्ही एकमेकांत मिसळून गेलं. सतराही फोटोंत कपाळ मोकळं. आणि अण्णा पहिल्या रांगेत बसलेले. वहिनी हसत होत्या, पण मागून अण्णांचा आवाज ऐकू आला, "त्याला म्हणावं, मी आहे अजून."

याला तांत्रिक चूक म्हणायचं की संसारातली, ते वाचकांनी ठरवावं. दुरुस्ती मात्र सोपी निघाली. कपाळावर एक लहान गोल मास्क घेतला आणि तेवढ्याच जागी हिरव्या चॅनेलचा हिस्सा मिसळला. हिरव्यात कुंकू गडद दिसतं. पट्टे तिथंही आहेत, पण एवढ्याशा गोलात जेमतेम एकच पट्टा मावतो, तो दिसत नाही. कुंकू मी रंगवलं नाही, सेन्सरनं टिपलेलंच परत आणलं, एवढं मनाचं समाधान. ओठ मात्र फिकेच राहिले. त्याबद्दल कुणी काही म्हणालं नाही.

पुढच्या वेळचं काय

फसलेले फोटो असे निभावले. पण महिन्याभरात कोजागिरी होती, तोच हॉल, तेच दिवे, बाईच गाणार. मी पर्याय चाचपायला लागलो.

पडद्याचं शटर लावलं की पट्टे बरेच कमी होतात, कारण पडदा पूर्ण सेन्सर चार-पाच मिलिसेकंदांत ओलांडतो, पन्नास नाही. तीस पट्ट्यांऐवजी दोन-तीन रुंद, पुसट. पण आवाज आला. मधला मार्ग म्हणजे पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक आणि दुसरा खरा, त्यात निम्मा आवाज. घरी तानपुऱ्याचं अ‍ॅप लावून बायकोला दहा फुटांवर बसवलं आणि दोन्ही ऐकवले. तिचा निकाल: "आधीचा दार आपटल्यासारखा होता, हा कडी लावल्यासारखा आहे." कडी लावल्याचा आवाजही विलंबितात नको.

काही कॅमेऱ्यांत लुकलुक ओळखून उजेड शिगेला असतानाच फोटो घेण्याची सोय असते. कॅननच्या सेव्हन डी मार्क टू मध्ये ती २०१४ साली आली. पण ती विजेच्या १०० च्या लयीसाठी, सहाशेच्या नव्हे. सेन्सरच भरभर वाचणारा घ्यायचा, तर निकॉननं २०२१ च्या झेड नाइनमध्ये पडद्याचं शटर ठेवलंच नाही, इतका त्यांना सेन्सरच्या वेगाचा भरवसा. सोनीच्या २०२३ च्या ए नाइन थ्रीमध्ये तर सगळ्या ओळी एकाच क्षणी टिपल्या जातात. त्यात पट्टे पडायचा प्रश्नच नाही, फार तर एक फोटो उजळ आणि पुढचा अंधारा येईल. दोन्हींच्या किमती पाहिल्या आणि लॅपटॉप मिटला.

१/२०० वर अडकून बसणं हा फुकटचा उपाय होता. पण तो या दिव्यांपुरता. दिवेवाल्यानं ऐनवेळी दुसरे पार आणले की हिशेब चुकला, आणि हॉलमधली एखादी जुनी ट्यूब चालू राहिली तर तिच्या लयीत १/२०० म्हणजे अर्धंच आवर्तन. १/१०० दोन्हींना चालतं, सहाशेची सहा आवर्तनं, शंभरचं एक. पण १/१०० ला गाणाऱ्याचा हात पुसला जातो, आणि बाईंचं निम्मं गाणं हातात असतं.

शेवटी सुचलं ते खरं तर पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं. दिवेवाल्याकडे जायला हवं. दिवे त्याचे, हिरवा उतरवला त्यानं, आणि मी मात्र पंधरा दिवस स्वतःच्या माळ्यावर चढून बसलो होतो.

पोरगा बाविशीचा, गोदाम हजिऱ्याकडे. लग्नं, जागरण, उत्सव, सगळीकडे त्याचे दिवे. मी लॅपटॉपवर पट्टे दाखवले तसा तो खुर्ची ओढून बसला. "अंकल, ये तो हमारी रीलमें भी आता है। हम समझे मोबाइल खराब है।" त्यानं लगेच एक पार लावला, कन्सोलची दांडी वर-खाली करत गेला आणि मी फोटो काढत गेलो. दांडी वरच्या टोकाला, म्हणजे २५५ वर, पट्टे नाहीत. १८० वर हलके. ६० वर नुसती झेब्र्याची कातडी. डीएमएक्सवर, म्हणजे कन्सोल दिव्यांशी ज्या भाषेत बोलतो तिच्यात, उजेडाचे आकडे ० ते २५५ असतात, हे मला तिथं कळलं. पूर्ण २५५ ला दाणे अखंड जळतात, चालू-बंद होतच नाहीत.

"पण सगळे दिवे २५५ ला ठेवले तर बाईंचे डोळे दिपतील," मी म्हणालो.

तो म्हणाला, "तो लाइट पीछे कर देंगे ना।"

एवढंच होतं. दांडीनं उजेड कमी करायचा नाही, अंतरानं करायचा. दिवा दुप्पट लांब नेला की उजेड चौथाई होतो. रंगासाठी लाल-हिरव्याची मिसळ करायची नाही, पांढरे दाणे पूर्ण लावून पुढे पिवळं जिलेटिन. नाटकवाले हॅलोजनच्या काळात हेच करत होते, आणि त्याच्या वडिलांच्या ट्रंकेत जिलेटिनचे तुकडे अजून पडलेले होते.

कोजागिरी

सहा पारऐवजी तीनच लावले, दोन हॉलच्या मागच्या भिंतीजवळ उंचावर आणि एक बाजूला, छताकडे तोंड करून. सगळे २५५ वर. ट्यूबा बंद करायला लावल्या. मी सायलेंट शटर ठेवलं, उजेड उत्सवापेक्षा कमी असल्यानं १/१६० वर उतरलो, आयएसओ ६४००. पहिले चार फोटो काढून लगेच मोठे करून पाहिले. केस पांढरे, साडी साडीच्या रंगाची.

बाईंनी यमन घेतला, तिलवाड्यातच. १/१६० ला हात धूसर होण्याची भीती होती, म्हणून मी यंदा वेगळं करून पाहिलं. मुखडा सुरू झाला की कॅमेरा डोळ्याला लावायचा आणि समेपर्यंत थांबायचं. समेवर हात खाली येतो आणि क्षणभर तिथंच राहतो, चेहराही थांबतो. तो थांबलेला क्षण १/१६० ला भरपूर होतो. गेल्या वर्षी मी समेच्या आधी बोट दाबत होतो, कारण हात वर गेलेला दिसला की मला घाई व्हायची. या वेळी ताल मोजत बसलो आणि तीन तासांत ९४ फोटो काढले, आधीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी. तबलजीचे हात मात्र सगळ्या फोटोंत पुसलेलेच. ते थांबतच नाहीत, त्याला इलाज नाही.

एक जागा शिल्लक राहिलीच. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावरचा स्वराचा लाल आकडा निम्म्या फोटोंत अर्धाच उमटलाय. त्या छोट्या पट्टीतले एलईडीचे तुकडे आळीपाळीनं पेटतात, आणि शटर मध्येच मिटतं. तो कुणाला दिसणार नाही. मला रोज दिसतो.

गाणं संपल्यावर सगळे गच्चीवर दुधाला गेले. बाईंनी पेला हातात घेता घेता विचारलं, "आज कॅमेरा आणला नव्हतास का रे?" मी मागच्या स्क्रीनवर समेवरचा एक फोटो काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावेपर्यंत अण्णांनी कॅमेरा माझ्या हातातून घेतला, चांदण्यात डोळ्यांजवळ नेला आणि सगळ्यात आधी कपाळ पाहिलं.